बायको म्हणते ठिकऱ्या, मी म्हणतो रोमन नाणी... काय करू?

पत्र (थोडं छोटं केलंय):

मावशी, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, सहा वर्षं झाली इंग्लंडात चेस्टरला आहे. गाव रोमन छावणीचं, रोज त्या जुन्या भिंतीकडेने ऑफिसला जातो, त्यातून रोमन नाण्यांचा नाद लागला. बजेट कमी म्हणून झिजलेलीच घेतो, नऊ झाली आत्तापर्यंत. सगळ्यात आवडतं रोमन सेनापती मार्क अँटनीचं चांदीचं, एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला सैन्याची निशाणं, पण इतकं झिजलंय की कुठल्या लीजनचं, म्हणजे रोमन सैन्याच्या कुठल्या तुकडीचं, ते कळत नाही. ओळखीचे कलेक्टर म्हणतात असलं भंगार घेऊ नको, पैसे साठव आणि वर्षाला एकच टॉप क्वालिटीचं घे. बायको म्हणते ठिकऱ्या जमवतोस. ६०० पौंड बाजूला पडलेत, एक भारी घेऊ की आणखी झिजलेलीच घेऊ? आणि एका मोठ्या पितळी नाण्यावर हिरवे ठिपके आलेत, चिंचेने घासू का? डिसेंबरात घरी येतोय, बाबांना दाखवायला नाणी घेऊन यायचा विचार आहे.

उत्तर:

अरे, आधी ते चिंचेचं बघू, कारण बाकीचे प्रश्न थांबतील पण तू रविवारी सकाळी वाटीत चिंच भिजत घातलीस की मग काही करता येणार नाही. नको घासू. चिंच नको, लिंबू नको, राख-रांगोळी नको, टूथपेस्ट तर अजिबातच नको. आईची तांब्याची कळशी चिंचेने लख्ख होते ते खरंय, पण ती आठवड्याने परत काळी पडते आणि आपण परत घासतो, चालतं तिला. तुझ्या नाण्यावर जो तपकिरी-हिरवा थर आहे तो अठराशे-एकोणीसशे वर्षांत धरलेला आहे, आणि नाण्यावरचा चेहरा बऱ्याचदा त्या थरातच उरलेला असतो, खालच्या धातूत नाही. थर गेला की खाली खड्डे-खड्डे पडलेलं गुलाबी पितळ निघतं. मी हे हातात धरून बघितलंय, कोणीतरी हौसेने घासून आणलेलं नाणं, आणि समोरचा माणूस इतका खूश होता की मला बोलवेना.

तर ठिपक्यांचं असं कर. दात कोरायची लाकडी काडी घे आणि चांगल्या उजेडात ठिपक्याला हलकेच टेकव. ठिपका कडक असेल, गडद हिरवा असेल, काडीला काही लागलं नाही तर तो थराचाच भाग आहे, सोडून दे. पण फिकट पोपटी रंगाची भुकटी सुटली, खडूसारखी, तर तो ब्राँझ डिसीज. धातूत क्लोराइड अडकून बसलेलं असतं, त्याला दमट हवा मिळाली की ते आतून खात सुटतं, आणि इंग्लंडची हवा तुला मी काय सांगू. ते नाणं आजच बाकीच्यांपासून वेगळं काढ. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेव, नळाचं पाणी चालणार नाही कारण त्यात क्लोरीन असतं, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदल, काही आठवडे लागतील, मग पूर्ण कोरडं कर आणि सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डबीत ठेव. परत भुकटी आली तर घरी प्रयोग न करता सरळ कॉन्झर्वेशनचं काम करणाऱ्याकडे दे. आणि एक, नाणी ज्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतोस ती नाकाजवळ धरून बघ, नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ते पीव्हीसी, ते आम्ल सोडतं आणि नाण्यावर चिकट हिरवं येतं. तुझं हिरवं चिकट असेल तर रोग नसून पाकीटच कारण असण्याची शक्यता जास्त. दोन्ही बाबतीत पाकिटं मात्र बदल, मायलार नावाच्या प्लास्टिकची घे.

हं, आता अँटनी.

तुझे ते ओळखीचे लोक ज्याला भंगार म्हणतायत ना, ते नाणं झिजलेलं का असतं हे त्यांना एकदा विचार. इ.स.पू. ३२-३१ मध्ये अँटनीने ही नाणी पाडली, प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियनशी लढाई तोंडावर आलेली, हजारो सैनिकांचे पगार द्यायचे होते आणि चांदी पुरत नव्हती, म्हणून त्याने चांदीत भेसळ केली. रोमन लेखक प्लिनी तर लिहून गेलाय की अँटनीने दिनारात, म्हणजे याच चांदीच्या नाण्यात, लोखंड मिसळलं, प्रत्यक्षात ते तांबं होतं, पण बोंब तेव्हापासूनची आहे. पुढे इ.स.पू. ३१ च्या सप्टेंबरात अॅक्टियमला अँटनी हरला, दुसऱ्या वर्षी मेला, पण नाणी कुठेच गेली नाहीत. का, तर ती जरा हलक्या चांदीची म्हणून कोणी गाठीला बांधून ठेवत नव्हतं, वितळवणाऱ्यालाही त्यात फायदा नव्हता, चांगलं नाणं मडक्यात पुरायचं आणि अँटनीचं बाजारात खपवायचं असं प्रत्येकाने केलं आणि त्यामुळे ती या हातातून त्या हातात, या हातातून त्या हातात अशी दोनशे वर्षांहून जास्त चालली. तिसऱ्या शतकातल्या पुरलेल्या साठ्यांतही ती सापडतात. ब्रिटनमधल्या शेतांतही सापडतात, आणि अँटनीने स्वतः तर ब्रिटन कधी पाहिलंही नाही. म्हणजे सैन्याबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर ती तिथवर आली, इ.स. ४३ च्या रोमन स्वारीनंतर.

त्या काळी लीजनच्या साध्या शिपायाला वर्षाचे २२५ दिनार मिळायचे, म्हणजे तुझ्या हातातलं ते एक नाणं कोणाचा तरी दीड दिवसाचा पगार, त्यातून पण जेवणाचे, कपड्यांचे पैसे कापून घ्यायचे. ते करकरीत राहिलं असतं तर त्याचा अर्थ एवढाच की ते लवकर पुरलं गेलं आणि पुरणारा परत आला नाही. तुझं वापरलं गेलंय रे. मला तरी हे जास्त जवळचं वाटतं.

पण म्हणून सगळंच झिजलेलं चांगलं असं समजू नको, इथे खरी नजर लागते आणि हेच मला तुला मुख्य सांगायचंय. हाताने झिजणं वेगळं आणि खराब होणं वेगळं. देवळाच्या उंबऱ्याचा दगड मध्ये कसा खोलगट, गुळगुळीत, थोडा चमकदार होतो, तसं हाताने झिजलेलं नाणं दिसतं, कुठेही टोचत नाही, उंच भाग आधी सपाट होतात मग बाकीचे, आणि चांदीचं असेल तर खोलगट जागी काळसर आणि उंच जागी पांढरट राहतं, त्यामुळे चित्र उलट छान उठतं. मातीने, खताने खाल्लेलं नाणं मात्र खरबरीत असतं, मुरमासारखं, अक्षरं आहेत पण त्यांच्या कडा कुरतडलेल्या. पहिलं घे, दुसरं स्वस्तात मिळालं तरी सोड. शेवटी रोज बघायचंय आपल्याला ते.

आणि झीज सगळीकडे एकमेकींशी जुळली पाहिजे. हे मी पैसे घालवून शिकले. पंधराएक वर्षांपूर्वी मी रोमन सम्राट हेड्रियनचं एक सेस्टर्शियस घेतलं, मोठं पितळी नाणं, दाढीचा एकेक केस वेगळा, कानावरच्या बटा नुसत्या कोरल्यासारख्या. कोरल्यासारख्या कसल्या, कोरलेल्याच होत्या! घरी आणून भिंगातून बघत बसले तेव्हा लक्षात आलं की कडेची अक्षरं जवळजवळ सपाट आहेत, मागच्या बाजूच्या देवीचा चेहरा पुसलेला आहे, मग केसच तेवढे कसे ताजे राहिले? कान आणि कानावरचे केस हा तर नाण्याचा सगळ्यात उंच भाग, तो सगळ्यात आधी जायला हवा. कोणीतरी झिजलेल्या खऱ्या नाण्यावर आत्ता सुईने नवे केस काढले होते. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. त्या दिवसापासून मला साधं, सरळ झिजलेलं नाणं दिसलं की बरं वाटतं, कारण त्याच्यात कोणी ढवळाढवळ केलेली नाही हे डोळ्याला दिसतं. मधल्या किमतीची नाणी 'जरा बरी' दाखवण्यासाठी जे उद्योग चालतात ते या स्वस्त नाण्यांवर कमी चालतात, मेहनत परवडत नाही त्यांना. नकली असतातच अर्थात, कडेला साच्याची रेघ, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, ते बघायचंच.

आपल्याकडे म्हणतात तसं नाणं खणखणीत वाजतंय का म्हणून आपटून मात्र बघू नको. जुनी चांदी आतून कधीकधी ठिसूळ झालेली असते, बिस्किटासारखा तुकडा पडतो. कडेला किंवा उंच भागावर आतून लाल तांबं दिसतंय का ते बघ, दिसलं तर ते चांदीचा पत्रा चढवलेलं, त्या काळातलंच खोटं नाणं, अँटनीची तशी बरीच आहेत. आणि नाण्यावर चंद्रकोर किंवा टिंब असा छोटा ठसा मारलेला दिसला तर घाबरू नको, तो त्या वेळच्या पैसे तपासणाऱ्यांचा शिक्का, आपल्या सराफांनी मुघल रुपयांवर मारलेले असतात ना अगदी तसाच. मला तर ते असलेलं नाणं जास्त आवडतं.

आता ६०० पौंड. तू हे पुढे विकून फायदा होईल म्हणून घेत असशील तर स्पष्ट सांगते, नको घेऊस. तुझे मित्र इथे बरोबर आहेत. झिजलेलं नाणं विकायला गेलास की गिऱ्हाईक कमी, ऑक्शनवाले आपला हिस्सा कापणार, आणि ही नाणी दुर्मिळ वगैरे नसतात, २०१० साली सॉमरसेटमध्ये फ्रोमला एका मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली, एकाच मडक्यात! पण तुझ्या पत्रात विकण्याचा एक शब्द नाही, नऊ नाण्यांपैकी एकाबद्दल मात्र अर्धं पान लिहिलंयस, तेव्हा माझ्या मते तू आहेस त्याच रस्त्याने जा. फक्त दर महिन्याला काहीतरी घ्यायचंच असं करू नको. ६०० मध्ये वर्षाला चार-पाच, प्रत्येक नाणं शक्यतो प्रत्यक्ष हातात घेऊन, आणि जे तीन फुटांवरून ओळखू येतं तेच.

म्हणजे कसं, झिजलेल्या नाण्यात बारकावे जातात पण आकार राहतो, त्यामुळे ज्यांचा आकारच बोलतो ते राजे-राण्या निवड. नीरोची जाड मान. वेस्पेशियनचं टक्कल आणि आकड्यासारखं नाक. हेड्रियनची दाढी. आणि दोन्ही फॉस्टिना, आई आणि मुलगी, दोघींची नावंही सारखी, पण आईचा अंबाडा डोक्यावर माथ्याशी बांधलेला आणि मुलीचा खोपा मागे मानेवर. अक्षर एकही वाचता येत नसलं तरी केसांवरून बहुतेक वेळा कळतं. थोरली फॉस्टिना इ.स. १४० च्या सुमारास गेली आणि नवऱ्याने, सम्राट अँटोनायनस पायसने, तिच्या नावाने मरणानंतर इतकी नाणी पाडली की आजही ती स्वस्त मिळतात. तुझं ते हिरव्या ठिपक्यांचं मोठं नाणं तिचंच नाही ना? अंबाडा बघ.

आणि तू तिथे राहतोस तर एक नाणं तुझ्याकडे असायलाच हवं. याच अँटोनायनस पायसचं तांब्याचं अॅस, इ.स. १५४-१५५ चं, मागे ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातला ब्रिटन देश, बसलेली आहे, डोकं हातावर टेकवून, खिन्न. हे पाडलंच मुळात घाईत, ओबडधोबड, अर्धी अक्षरं कडेच्या बाहेर गेलेली, त्यात पुन्हा झिजलेलं, त्यामुळे 'टॉप क्वालिटी'वाले त्याच्याकडे बघत नाहीत. पण ते बहुतेक ब्रिटनमध्येच फिरलं. हेड्रियनच्या भिंतीजवळ कोव्हेंटिना नावाच्या देवीची विहीर आहे, १८७६ मध्ये ती उपसली तेव्हा तेरा हजारांवर नाणी निघाली आणि त्यात ही खिन्न ब्रिटानिया तीनशेहून जास्त होती. कोणी सैनिक, कोणी त्यांच्या बायका, खिशातलं झिजकं तांबं देवीला टाकून जात असणार, आपण कृष्णेच्या पुलावरून गाडी जाताना खिडकीतून टाकतो तसं. पुढे १६७२ पासून इंग्लंडच्या तांब्याच्या नाण्यांवर परत ब्रिटानिया आली आणि २००८ पर्यंतच्या ५० पेन्सवरही बसलेली आहे, तुझ्या सुट्ट्या पैशांत एखादं असेल. ती दोन्ही शेजारी ठेव, कोणाला समजावून सांगायची गरज पडत नाही.

घेताना बिल घे, जुना मालक किंवा जुनं ऑक्शन माहीत असेल तर तेही लिहून घे. शेतात मेटल डिटेक्टरने शोधणाऱ्याकडून घेणार असशील तर सापडल्याची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये झालीय का विचार, एका जागी सापडलेली चांदीची दोन किंवा जास्त जुनी नाणी असली की १९९६ च्या ट्रेझर कायद्याने कळवावंच लागतं. 'न धुतलेली शंभर नाणी' अशा मातीसकट पिशव्या विकतात त्या मात्र घेऊ नको रे. ती माती कुठल्या तरी जागेची असते, कोणीतरी रात्री खणून ती जागा कायमची बिघडवलेली असते, कुठलं नाणं कुठल्या थरात कशाशेजारी होतं ते आता कोणालाच कळणार नाही. मला याचा खरंच त्रास होतो.

बायकोचं. ती ठिकऱ्या म्हणते कारण तिला तू डबीतल्या नऊ गोल चकत्या एकदम दाखवल्या असशील. एकच दाखव. आणि तिच्या किंवा तुझ्या आजीकडे पुतळ्यांची माळ होती का विचार, त्या पुतळ्या म्हणजे मुळात व्हेनिसची सोन्याची डुकाट नाणी, त्याच्यावरच्या उभ्या माणसांमुळे आपण पुतळी म्हणायला लागलो. परदेशी नाणं गळ्यात घालायची आपली हौस त्याहून कितीतरी जुनी आहे, दख्खनमध्ये सातवाहनांच्या काळात रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला करून त्या गळ्यात घालत होते. रोममध्ये प्लिनी रडतोय की हिंदुस्थान दरवर्षी आपले कोट्यवधी सेस्टर्शियस ओढून नेतो, आणि इकडे तेर, पैठणचा माल भडोचच्या बंदरातून जहाजात चढतोय. तू पुढचं नाणं घेशील त्यात एक भोक पाडलेलं घे, कलेक्टर लोक भोक बघून नाक मुरडतात म्हणून किंमत बरीच उतरते, पण ते कोणीतरी दोऱ्यात ओवून घातलेलं असतं. ते तिला दे, हातात दे, आणि पैशांचा हिशोबही तिच्यासमोर मांड, महिन्याचा आकडा दोघांनी मिळून ठरवा, कारण तिचा राग नाण्यांवर आहे की न विचारता खर्च करण्यावर हे पत्रावरून मला नीट कळलेलं नाही.

बाबांसाठी नाणी घेऊन येऊ नको. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं कुठलंही नाणं पुरावशेष धरलं जातं आणि असली वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, म्हणजे येताना कस्टमवाल्यांनी काही विचारलं नाही तरी जाताना विमानतळावर ती तुझीच आहेत, तिकडूनच आणलीत हे सिद्ध करत बसशील. चांगले मोठे फोटो काढून आण. आणि बाबांकडे किंवा गावात कोणाकडे जुन्या शिवराया असतील तर त्या बघ जरा, 'श्री राजा शिव' मधलं फक्त 'शिव' उरलंय किंवा मागे फक्त 'छत्र' वाचता येतंय अशा, साताऱ्यात त्या देव्हाऱ्यात असतात बऱ्याचदा. दोन नाणी मांडून बाबांशी बोल, तुझी भाषा त्यांना लगेच कळेल.

राहिला तुझ्या लीजनचा आकडा. त्या नाण्यावर मधोमध गरुड आणि दोन्ही बाजूंना निशाणं असतात, गरुडाच्या डाव्या अंगाला एल-ई-जी आणि उजव्या अंगाला आकडा. खोलीतले सगळे दिवे बंद कर, काळ्या कापडावर नाणं ठेव, मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या अगदी पातळीला आडवा धर, कापडावर टेकला तरी चालेल, आणि नाणं हळूहळू गोल फिरव. वरून उजेड टाकलास की काही दिसत नाही, आडव्या उजेडात मात्र अर्ध्या केसाइतका उंचवटाही सावली पाडतो. जहाजाच्या बाजूला आधी करून बघ म्हणजे सवय होईल, वल्ही एका रांगेत फणीच्या दातांसारखी उठतील. मग आकड्याकडे ये. एकच उभी रेघ दिसली तर लगेच ठरवू नको, गरुडापासून ती किती लांब आहे ते मोज, कारण गरुडाला खेटून असेल तर पुढे आणखी रेघा पुसल्या गेल्या असणार आणि सुटी लांब असेल तर अलीकडे काहीतरी होतं. नऊ तर दोन तऱ्हांनी लिहिलेला आहे, काही नाण्यांवर पाचापुढे चार रेघा आणि काहींवर दहाच्या आधी एक. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने अशा नाण्यांचे फोटो फुकट ठेवलेत, स्पष्ट आकड्यांची तिथली नाणी शेजारी लावून जागा जुळव.

चार कोनांतून फोटो काढ आणि मला पाठव, दोन डोळ्यांपेक्षा चार बरे. मला आपलं वाटतंय सहा निघेल.